आम्ही, आपण आणि अण्णा

रमाबाई रानड्यांच्या आत्मकथनाचे नाव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' असे आहे, हे आम्ही वर्गात अनेक वर्षे सांगत आलो. पुस्तक १९१० साली आले. न्यायमूर्ती त्यापूर्वी नऊ वर्षे, १९०१च्या जानेवारीत गेले होते. मग या शीर्षकातले 'आमच्या' कोणाचे? एकटीचे, दोघांचे मिळून, की घरंदाज स्त्रीने 'माझ्या' म्हणायचे टाळले म्हणून आलेले? हा आमचा ठरलेला प्रश्न. विद्यार्थी ठरलेली उत्तरे देतात, आम्ही ती फळ्यावर लिहितो आणि तास संपतो. पुस्तकाच्या शेवटाकडची आजारपणाची पाने आम्ही बहुधा घाईत उरकत असू. परीक्षेला त्यांवर प्रश्न येत नाही, हे एक कारण. दुसरे असे की आजारी नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईविषयी वर्गात नेमके काय बोलायचे ते आम्हांला ठाऊक नव्हते.

प्रस्तुत लेखातले 'आम्ही' मात्र निखळ द्विवचनी आहे. आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, एकाच वर्षी एम. ए. झालो आणि कबनुरात एकमेकींपासून तीन गल्ल्यांवर राहतो. आमच्यापैकी एकीच्या यजमानांना २०१७ साली जिभेचा कर्करोग झाला. दुसरीच्या यजमानांना काही झाले नाही. एवढा फरक सोडला तर त्या वर्षाविषयी आम्ही एकत्र लिहू शकतो असे आम्हांला वाटले होते. लिहायला बसल्यावर हे 'आम्ही' तीन-चार ठिकाणी तुटले. ती ठिकाणे तशीच ठेवली आहेत.

लिहिण्याच्या सोयीसाठी एकीला वहिनी म्हणू, कारण कारखान्यातले कामगार तिला तसेच हाक मारतात. दुसरीला मॅडम म्हणू, कारण तेच कामगार तिला मॅडम म्हणतात. शिकवतो आम्ही दोघीही, पण मालकाची बायको वहिनी आणि तिची मैत्रीण मॅडम ही त्यांची व्यवस्था आहे. तिच्यात आम्ही ढवळाढवळ केली नाही. वहिनींच्या यजमानांना सगळे गाव अण्णा म्हणते.

बाहेरच्या वाचकांसाठी कबनूरविषयी चार ओळी. हातकणंगले तालुक्यातले हे गाव इचलकरंजीला इतके खेटून आहे की कोठे एक संपते आणि कोठे दुसरे सुरू होते हे नवख्याला कळत नाही. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना इचलकरंजी ठाऊक असते ती १९७४च्या साहित्य संमेलनामुळे, पु. ल. देशपांडे त्याचे अध्यक्ष होते म्हणून. इतरांना ती ठाऊक असते मागांमुळे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे कापड विणणे हा या परिसराचा श्वास झाला. कबनुरातही पुष्कळ घरांत खाली माग आणि वर माणसे. अण्णांचे आठ माग होते. सूत व्यापाऱ्याचे, माग यांचे आणि मोबदला मीटरवर, अशा रीतीने काम करणाऱ्यांना आमच्याकडे 'खर्चीवाले' म्हणतात. अण्णा खर्चीवाले. २०१६च्या नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या तेव्हा आठवड्याच्या पगाराला रोकड नव्हती. आठांतले चार माग तेव्हापासूनच उभे होते. वहिनी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर होती. त्याचा अर्थ या पानाच्या वाचकांना सांगायला नको. मे महिन्यात पगार नाही, आजारी पडले तर पगार नाही आणि नवरा आजारी पडला तरी नाही. मॅडम कायम होती. मैत्रीत ही विषमता गेली अनेक वर्षे आम्ही दोघी नीट घडी घालून ठेवत आलो होतो.

अण्णा मावा खात. रात्रपाळीला डोळा लागू नये म्हणून मागावर पुष्कळजण खातात. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण पानपट्टीवर हाताने घोटून मिळणारा मावा कोठे गेला नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील २०१५च्या फेब्रुवारीत तोंडाच्या कर्करोगाने गेले, तेव्हा चार दिवस पानपट्ट्यांवर शांतता होती. पाचव्या दिवशी घोटणी सुरू झाली. आम्ही दोघींनी त्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेची तंबाखूविरोधी फेरी काढली होती आणि तिच्या घोषणाही आम्हीच लिहून दिल्या होत्या. अण्णांनी त्यानंतर मावा सोडल्याचे सांगितले. वहिनीने त्या दिवशी घरी शेवयांची खीर केली.

पुढल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या जिभेच्या डाव्या कडेला एक जखम झाली. शेजारचा दात टोकदार आहे, तो लागतो, असे एका दंतवैद्यांनी सांगितले. दात घासून गुळगुळीत केला, लावायला मलम दिले. जखम भरेना. दीड-दोन महिने या मलमात गेले. तिखट लागते म्हणून अण्णा दहीभात खाऊ लागले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कोल्हापूरचा माणूस तिखट सोडतोय म्हंजे काय तरी हाय." शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी जिभेचा तुकडा तपासणीला पाठवला.

येथे पहिली तुटलेली जागा आहे.

तो अहवाल आणायला मॅडम गेली होती. वहिनीला जाता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलीचा बारावीचा पहिला पेपर होता आणि वहिनीचे दुपारी दोन तास होते, जे बुडवले असते तर बुडालेच असते. मॅडमने बसमध्ये पाकीट उघडले. आम्ही मराठीच्या. त्या कागदावरचे इंग्रजी आम्हांला पुरते समजत नाही, पण 'कार्सिनोमा' हा शब्द समजतो. जयसिंगपूर येईपर्यंत तिने तो कागद चार वेळा घडी करून उघडला. संध्याकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा तिने सांगितले की प्रयोगशाळा बंद होती, उद्या मिळेल. रात्री तिने आपल्या यजमानांना सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी पेपर देऊन घरी आली, जेवली, झोपली आणि मग मॅडम ते पाकीट घेऊन वहिनीकडे गेली.

ही हकीकत लिहिताना पहिल्या मसुद्यात मॅडमने 'मुलीच्या परीक्षेसाठी' असे दोन शब्द घातले होते. ते वहिनीने खोडले. तिचे म्हणणे असे की कारण खरे असेल, पण ते वाक्यात आले की वाक्य माफी मागून मोकळे होते. मग मॅडमने नुसते 'मी ते केले' असे लिहिले. वहिनीला तेही मान्य नाही, कारण काय केले ते त्यात नाही. शेवटी वर जे आहे त्यावर आम्ही थांबलो आहोत. एकमत झाले असे नव्हे.

त्या दुपारी मात्र भांडण झाले नाही. भांडायला वेळ नव्हता. पाच दिवसांत महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटे झाली. हातकणंगल्याच्या फलाटावर अण्णा, वहिनी आणि धाकटे दीर, तीन पिशव्या, एक बादली. बादली कोणीतरी न्यायला सांगितली होती आणि ती फार उपयोगी पडली, म्हणून मुद्दाम लिहितो. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत शयनयानाचे भाडे पडत नाही आणि सोबतच्या एकाला पंचवीस टक्केच द्यावे लागते. परंतु त्याला रुग्णालयाचा दाखला लागतो आणि दाखला मिळायला आधी मुंबईला जावे लागते. म्हणून पहिली खेप पूर्ण भाड्याची.

परळच्या टाटा रुग्णालयाविषयी ज्यांना लिहायचे त्यांनी लिहिले आहे. आम्हांला एकच गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. १९३१ साली लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. पत्नीच्या आजारपणात त्यांनी जे पाहिले त्यातून त्यांच्या विश्वस्त निधीने या रुग्णालयाचा विचार केला आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडले. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे ज्या इमारतीत नवऱ्यांसाठी रांगेत बसलेल्या शेकडो बायका वहिनीने पाहिल्या, ती मुळात एका नवऱ्याच्या शोकातून उभी राहिली. हे तिला तेव्हा माहीत नव्हते, माहीत असते तरी रांग तेवढीच होती. समोर जेरबाई वाडिया रस्त्याच्या पदपथावर बिहार, बंगालपासूनची माणसे चुली मांडून राहत होती. त्यांच्या तुलनेत आपण सुखी, असे मनात आले की आपलीच लाज वाटते, हे वहिनीचे वाक्य. राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. तिथल्या स्वयंपाकघरात सोलापूरच्या एका बाईने तिला मऊ भाताची पेज नळीतून जाईल इतकी पातळ कशी करायची आणि दुहेरी फडक्यातून कशी गाळायची हे शस्त्रक्रियेच्या आधीच शिकवून ठेवले. आम्ही दोघी आयुष्यभर शिकवत आलो, परंतु इतका वेळेवर घेतलेला तास आम्हांला आठवत नाही.

इकडे कबनुरात मॅडम रात्रीची वहिनीच्या घरी झोपायला जाऊ लागली. मुलीचे पेपर महिनाभर चालू होते. सासूबाई ऐंशीच्या, त्यांना 'तोंडाला गाठ झालीय, काढायची' इतकेच सांगितले होते. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून भाकरी सोडली. देवाला बोलल्या का, म्हणून विचारले तर म्हणाल्या, "त्येला चावाय येत न्हाई, मी कशी चावू?" दोन महिने त्या भाताच्या पेजेवर होत्या. वहिनीचे तास मॅडमने घेतले. हजेरीपत्रकावर सही कोणाची झाली हे आम्ही येथे लिहीत नाही. विद्यार्थ्यांना त्या महिन्यात एकाच बाईकडून भाषाविज्ञान आणि मध्ययुगीन वाङ्मय दोन्ही ऐकावे लागले. भाषाविज्ञान कच्चे राहिले, असे निकालावरून दिसते.

नातेवाइकांचे फोन मॅडमकडे येत. 'आपण लढू या', 'आपण खचायचे नाही', 'आपण यातून बाहेर पडू'. मराठीत 'आम्ही' ऐकणाऱ्याला वगळते आणि 'आपण' त्याला सामावून घेते, हा भेद आम्ही वर्गात फार अभिमानाने शिकवतो. हिंदीत नाही, इंग्रजीत नाही, आपल्यात आहे. त्या महिन्यात आम्हांला या 'आपण'चा उबग आला. म्हणणारा फोन ठेवून जेवायला जात असे. एकदा एका दूरच्या मामंजींनी 'आपण गोमूत्र सुरू करू' असे म्हटले, तेव्हा मॅडमने 'तुम्ही कधी सुरू करताय?' असे विचारले. ते रागावले ते अजून बोलत नाहीत. कोणी 'मी येतो' म्हणाले नाही असे नव्हे. पण जे आले त्यांनी 'आपण' म्हटले नाही. गल्लीतल्या एका रिक्षावाल्याने मुलीला परीक्षा संपेपर्यंत केंद्रावर नेले-आणले आणि पैसे घेतले नाहीत. तो कधीच काही बोलला नाही.

शस्त्रक्रियेत जिभेचा डावा अर्धा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. काढलेल्या भागाच्या जागी डाव्या हाताच्या मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसकट बसवली. श्वासासाठी गळ्याला छिद्र, जेवणासाठी नाकातून नळी. गळ्याचे छिद्र असेपर्यंत आवाज नाही. घरी आले तेव्हा छिद्र बुजत होते, नळी तशीच होती आणि त्यांच्या हातात पाटी होती. हाताची कातडी जिभेवर गेल्यामुळे तिच्यावरचे केसही तोंडात गेले आणि ते वाढू लागले. जिभेला हाड नसते हे आपल्याला ठाऊक असते, जिभेला केस असतात हे मराठी भाषेला नवीन होते. अण्णांनी पाटीवर लिहिले, 'आता जिभेची दाढी'. मुलगी हसली, वहिनी हसली आणि सासूबाईंना ते कोणी समजावून सांगितले नाही.

मग बोलणे सुरू झाले. त्याविषयी आम्हांला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण तो आमचा विषय होता आणि तेथेच आम्ही सगळ्यांत कमी पडलो.

ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ हे मूर्धन्य वर्ण. जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते तेव्हा ते होतात, हे आम्ही तोंडाची आकृती काढून शिकवतो. अण्णांची जीभ आता मागे वळत नव्हती. प, ब, म ओठांचे, ते शाबूत. क, ग मागच्या बाजूचे, तेही बरेचसे. पण 'डोळा', 'केळे', 'काळजी', 'पाणी', 'भाकरी वाढ' यांतून मूर्धन्य उडाले की उरते काय? ळ गेल्यावर आपल्या भाषेत घर, जेवण आणि माया यांचे अर्धे शब्द पोकळ होतात, हे आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. अण्णा काही दिवसांत शब्द टाळू लागले. 'काळजी करू नको' हे त्यांचे नेहमीचे वाक्य होते. त्याऐवजी ते 'भिऊ नको' म्हणू लागले. त्यात सगळे वर्ण त्यांना जमणारे किंवा निभावून नेता येण्यासारखे होते. वहिनीला तो बदल प्रथम प्रेमाचा वाटला. मॅडमने त्यामागचे उच्चारशास्त्र तिला सांगितले. ते सांगायला नको होते, असे आता दोघींचेही मत आहे.

आम्ही त्यांच्यासाठी सरावाचे तक्ते केले. जोडशब्द, स्वर-व्यंजने, चढत्या क्रमाची वाक्ये. शिकवण्याच्या मुलींना देतो तसे. अण्णा मुकाट्याने ते वाचत आणि आम्हांला त्यांतले निम्मे कळत नसे. आपण बोललेले समोरच्याला कळले नाही हे बोलणाऱ्याला त्याच्या चेहऱ्यावरून आधी कळते. त्यांनी आमच्याकडे बघणे सोडले.

एके दिवशी कांडीवाल्या मावशी पैसे न्यायला वर आल्या. मागाच्या धोट्यात बसवायच्या कांड्या भरण्याचे काम त्या करतात, वीस वर्षे करताहेत. अण्णांनी त्यांना काहीतरी म्हटले. आम्ही दोघी तेथे होतो. आम्हांला एक शब्द लागला नाही. मावशी "बरं" म्हणून निघाल्या. मॅडमने विचारले, काय म्हणाले?

"चार नंबरचं बीम संपत आलंय, उद्या सायझिंगला माणूस लावून द्या म्हणाल्यात," मावशी म्हणाल्या आणि आमच्याकडे बघत राहिल्या. "तुमास्नी कळंना व्हय?"

कळत नव्हतेच. मागाच्या खडखडाटात कोणीच कोणाचे ऐकत नाही. तिथे माणसे ओठ वाचतात, बोटांनी सांगतात, भुवयांनी विचारतात. ताणा तुटला, कांडी संपली, जॉबरला बोलाव, मालक आला, चहा आला, या सगळ्यांच्या खुणा आहेत. ऐकू येणारा आवाज हा त्या बोलण्याचा लहानसा भाग. अण्णा पंचवीस वर्षे ही भाषा बोलत होते आणि वहिनी त्याच घरात राहून कधी ती शिकली नव्हती, कारण ती खाली क्वचित जाई आणि गेली की अण्णाच बाहेर येऊन तिच्याशी बोलत. आम्ही त्यांच्या तोंडाकडे वर्ण शोधत होतो. मावशी त्यांच्याकडे नुसते बघत होत्या. त्यानंतर वहिनीने तक्ते कपाटात ठेवले आणि रोज दुपारी तासभर ती खाली मागांजवळ जाऊन बसू लागली. मावशींना प्रथम संकोच वाटला. नंतर त्या तिला हसू लागल्या.

चार नंबरचे बीम संपत आल्याचे अण्णांना वर बिछान्यात कसे कळले, हा प्रश्न आम्हांला फार उशिरा सुचला. मावशींनी त्याचे उत्तर दिले नाही. त्यांना तो प्रश्नच वाटला नाही.

मग किरणोपचार. मिरजेला आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, एकूण तीस वेळा. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा आणि तो टेबलाला अडकवलेला, आत माणूस. प्रत्यक्ष काम दहा-पंधरा मिनिटांचे, जाण्यायेण्यात व थांबण्यात दिवस जाई. एप्रिल-मेचे ऊन. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटले, लाळ आटली, मानेची कातडी काळी पडली. चवीचे म्हणाल तर पाणीसुद्धा लोखंडासारखे लागते असे ते खुणेने सांगत. नेण्याआणण्याच्या पाळ्या ठरल्या होत्या. सोमवारी दीर, मंगळवारी मॅडमचे यजमान, बुधवारी समोरचे कारखानदार, याप्रमाणे. नळीतून दर दोन तासांनी पेज, डाळीचे पाणी, दूध. मिक्सर आणि गाळणे यांचा आवाज त्या घराला मागांच्या आवाजाइतकाच लागला.

मागांचे सांगायचे तर, मे महिन्यात चार माग विकले. आजकाल माग विकले जातात ते बहुधा वजनावर, भंगार म्हणून. ज्या लोखंडाने घर चालवले ते किलोच्या भावाने टेम्पोत चढताना अण्णा खिडकीत उभे होते. उरलेले चार रात्री बंद ठेवू या, त्यांना विश्रांती मिळेल, असे वहिनीने ठरवले. दोन रात्री बंद ठेवले. दोन्ही रात्री अण्णा जागे राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटीवर लिहिले, 'चालू ठेव'.

भांडण झाले ते अंकलीच्या पुलावर. मंगळवार असावा, कारण गाडी मॅडमच्या यजमानांची होती. अण्णांचे उपचार चालू असताना ते बाहेर वहिनीशी बोलत उभे होते आणि सहज बोलून गेले, की त्या रात्री आमच्या घरीही कोणी जेवले नाही. कोणती रात्र, असे वहिनीने विचारले. तोवर तिला वाटत होते की अहवाल दुपारीच मिळाला. परतताना ती पुढच्या सीटवरून मागे वळली. अण्णा तिच्या मागेच, मानेला ओले फडके गुंडाळून, डोळे मिटून. मॅडम त्यांच्या शेजारी. पुलावर वाहतूक अडकली होती, खाली कृष्णा उन्हाळ्याने आटलेली.

"माझ्या नवऱ्याचा आजार माझ्याआधी तुझ्या घरी पोचला," वहिनी म्हणाली.

मॅडमने मुलीचा पेपर सांगितला. वहिनी म्हणाली की मुलगी माझी आहे, पेपर तिचा आहे, आणि तो कागद त्यांचा होता. तुझे यात काय होते? मॅडम म्हणाली, तू एक रात्र झोपलीस. वहिनी म्हणाली, ती झोप मी मागितली नव्हती. तू खोटे बोललीस आणि मी तुला दुसऱ्या दिवशी 'दमली असशील' म्हणून चहा करून दिला. हे सगळे हळू आवाजात झाले, आजारी माणूस शेजारी होता म्हणून. मॅडमच्या यजमानांनी रेडिओ लावला. अण्णांनी डोळे न उघडता हात पुढे करून तो बंद केला. म्हणजे ते ऐकत होते.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही एकमेकींशी कामापुरते बोललो. मॅडम रोज येत होती, पेज गाळत होती, वहिनी डबा धुऊन देत होती. मैत्रीवर लिहिणारे अशा वेळी मौनाला काही उदात्त नाव देतात. आमचे मौन उदात्त नव्हते. मॅडमला वाटत होते की महिनाभर मी तुझ्या सासूला पेज भरवली, तुझे तास घेतले, त्याचा हिशेब कोठे गेला? वहिनीला नेमके तेच वाटत होते, की इतके केलेस म्हणून आता मला रागावण्याचीही सोय उरली नाही. उपकाराखाली राग दाबून ठेवावा लागणे हे आजाराहून वेगळे दुखणे आहे, आणि ते नवऱ्याला सांगता येत नाही, कारण तो अर्ध्या जिभेने झोपलेला असतो. त्याच्यावरही राग असतोच. मावा कोणी खाल्ला? परंतु नाकात नळी असलेल्या माणसाला तो प्रश्न कोण विचारणार? एकदा पहाटे चारला पेज गाळताना वहिनीने फडके भिंतीवर फेकून मारले. त्याचा डाग अजून आहे. त्या वेळी मॅडम तिथे नव्हती. हे तिला हा लेख लिहिताना कळले.

समेट असा झालाच नाही. जूनच्या शेवटी नळी निघाली. अण्णांनी तोंडाने पहिला घास घेतला तो सासूबाईंच्या हातच्या दहीभाताचा, कुस्करून लगदा केलेला. त्यांनी तो पाऊण मिनिट तोंडात फिरवला आणि गिळला. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी भाकरी खाल्ली. वहिनीने मॅडमला फोन करून हे सांगितले आणि म्हणाली, "तुला सगळ्यांत आधी सांगतेय." त्यात टोमणा होता. मॅडमने तो घेतला.

२०२२ साली पाच वर्षे झाली. आता वर्षातून एकदा तपासणीला जावे लागते. अण्णांचे बोलणे पुष्कळ सुधारले आहे. ण येतो, ड बराच येतो, ळ येत नाही. समोर बसले की मॅडमलाही सगळे कळते. फोनवर मात्र अजून कळत नाही, तेव्हा ते 'दे तिला' म्हणतात आणि फोन वहिनीकडे जातो. सासूबाई २०२० साली गेल्या, वयोमानाने. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. माग चारच आहेत. वहिनी अजून तासिका तत्त्वावर आहे.

हा लेख छापण्याआधी अण्णांना वाचायला दिला. त्यांची परवानगी हवीच होती, शिवाय मागाच्या शब्दांत चूक नको. त्यांनी दोन दिवस ठेवून परत दिला. 'कांडी' आणि 'सायझिंग' ठीक आहे म्हणाले. एका ठिकाणी पेन्सिलीने खूण होती. २०१५ साली त्यांनी मावा सोडल्याचे सांगितले, या आमच्या वाक्याच्या समासात त्यांनी लिहिले होते, 'सोडला नव्हता'.

वहिनीने ते वाचले आणि कागद मॅडमच्या हातात दिला. वाक्य दुरुस्त करायचे का, असे मॅडमने विचारले. 'सांगितले' असेच लिहिलेय ना आपण, वहिनी म्हणाली, मग ते बरोबर आहे. आणि ती खाली गेली, कारण तीन नंबरचा माग थांबल्याचे तिला ऐकू आले होते.